पेटीबाहेरची पेटी

आयबीएम कंपनीने १२ ऑगस्ट १९८१ रोजी न्यूयॉर्क येथे आपला पहिला व्यक्तिगत संगणक लोकांपुढे ठेवला, तेव्हा त्या यंत्राच्या मदरबोर्डावर पाच लांबट खाचा, म्हणजे आज ज्यांना आपण स्लॉट म्हणतो त्या, राखून ठेवलेल्या होत्या. आणि त्या यंत्राचा पुढे जो अफाट वंशविस्तार झाला त्याकडे पाहता, दूरदृष्टीचा मान त्यातील एखाद्याच भागास द्यावयाचा झाल्यास तो मी निःशंकपणे या पाच खाचांना देईन. पडद्यावर अक्षरे उमटविण्याची व्यवस्था मूळ बोर्डावर नव्हती, ती एका कार्डावर होती; फ्लॉपी वाचणारी यंत्रणा दुसऱ्या कार्डावर होती; टेलिफोनच्या तारेवरून दुसऱ्या संगणकाशी व्यवहार करावयाचा असो अथवा स्मृती वाढवावयाची असो, त्या त्या कामाचे कार्ड आणावे, झाकण उघडावे आणि ते रिकाम्या स्लॉटमध्ये बसवावे, अशी ती योजना होती. यंत्राचे विद्युत्-आराखडे छापलेला संदर्भग्रंथ कंपनीने स्वतःच विक्रीस ठेवला असल्यामुळे कोणत्याही लहानमोठ्या कारखानदारास त्या खाचेत बसणारे कार्ड तयार करण्याची मुभा मिळाली, आणि यंत्र पुढे कोणकोणती कामे करील हे ठरविण्याचा अखत्यार निर्मात्याच्या दप्तरातून निघून ते विकत घेणाऱ्याच्या टेबलावर येऊन पोहोचला.

परंतु पाच ही संख्या फार लवकर सरते. पडद्याचे एक कार्ड, फ्लॉपीचे एक, जादा स्मृतीचे एक आणि टेलिफोनच्या जोडणीचे एक, एवढे बसवून झाले की एकच जागा शिल्लक राहते. शिवाय त्या यंत्रातील पॉवर सप्लाय अवघा ६३.५ वॅटचा होता. त्यामुळे जागा असली तरी नव्या कार्डाला पुरेल इतकी वीज मिळेलच याची शाश्वती नव्हती, आणि हार्ड डिस्कसारखे जादा वीज घेणारे उपकरण त्यावर चालविणे तर कठीणच होते. मार्च १९८३ मध्ये कंपनीने एक्सटी हे आठ स्लॉटांचे नवे यंत्र बाजारात आणले, तेव्हा जुन्या यंत्राच्या मालकांना वाऱ्यावर न सोडता त्यांच्यासाठी ५१६१ या क्रमांकाची एक स्वतंत्र विस्तारपेटीही विक्रीस ठेवली. एक्सटीच्याच आकाराचा पत्र्याचा सांगाडा, आत आठ स्लॉट, १३० वॅटचा स्वतःचा पॉवर सप्लाय आणि १० मेगाबाइटची हार्ड डिस्क, असे तिचे स्वरूप होते. तीत प्रोसेसर मात्र नव्हता. मूळ संगणकाच्या एका स्लॉटमध्ये संकेत बाहेर धाडणारे एक कार्ड, पेटीच्या एका स्लॉटमध्ये ते स्वीकारणारे दुसरे कार्ड, आणि त्या दोहोंमध्ये एक जाड केबल, एवढी जोडणी झाली की पेटीत बसविलेली कार्डे मूळ संगणकातच बसविली आहेत अशा रीतीने प्रोसेसर त्यांच्याशी व्यवहार करू लागे. संकेत स्वीकारणारे कार्ड आणि हार्ड डिस्कचे कार्ड वजा जाता पेटीत सहा जागा उरत, आणि मूळ यंत्रातील एक जागा केबलीपायी गेलेली असे. म्हणजे या सर्व खटाटोपातून मालकाच्या पदरी निव्वळ पाच नव्या जागा पडत.

या पेटीतील एका बारीक तरतुदीकडे वाचकांनी अवश्य लक्ष द्यावे, कारण आजच्या अत्याधुनिक पेट्यांचे सारे गुणदोष तीत बीजरूपाने सापडतात. त्या संगणकाचा प्रोसेसर सेकंदाला सुमारे ४७ लाख ७० हजार ठोक्यांच्या गतीने चाले, म्हणजे त्याचा प्रत्येक ठोका सुमारे २१० नॅनोसेकंदांचा होई, आणि स्मृतीतून एक बाइट आणण्यासाठी तो असे चार ठोके घेई. आता ती स्मृती जर केबलीपलीकडच्या पेटीत असेल, तर प्रश्नाचा संकेत एका कार्डातून निघून, केबल ओलांडून, दुसऱ्या कार्डातून स्मृतीपर्यंत जाणार आणि उत्तर त्याच वाटेने परत येणार. आणि वीज कितीही चपळ असली तरी या जाण्यायेण्यास, विशेषतः दोन्ही टोकांच्या कार्डांतून पार होण्यास, काही नॅनोसेकंद लागतातच. म्हणून आयबीएमच्या अभियंत्यांनी संगणकातील कार्डावरच अशी योजना केली की, पेटीतील स्मृतीची मागणी आली म्हणजे प्रोसेसरला एक ठोका अधिक थांबवून धरावे. कोणत्या पत्त्यापासून पुढची स्मृती पेटीत आहे हे त्या कार्डावरील बारीक खटक्यांनी मालकाने ठरवून द्यावयाचे असे. जे बाहेर आहे ते दूर आहे, आणि त्या दुरीचे मोल वेळेत चुकवावे लागते, ही गोष्ट त्या अभियंत्यांनी झाकून ठेवली नाही. तिची रीतसर व्यवस्था लावली.

वाड्यातील जागा अपुरी पडली म्हणून गल्लीपलीकडची दोन दालने भाड्याने घेणाऱ्या कुटुंबाची जी स्थिती होते, तीच येथे संगणकाची होते. वर्षाचे धान्य त्या पलीकडच्या दालनात भरून ठेवले तर आठवड्यातून एखादी फेरी होते आणि गल्लीचा कोणास त्रास वाटत नाही. तिकडे एखादा लेकुरवाळा संसार आपल्या चुलीसकट थाटला तरी तो आपल्या ठिकाणी सुखाने चालतो. पण चूल इकडे आणि मीठमिरची तिकडे अशी विभागणी केली, तर गल्ली कितीही रुंद केली तरी स्वयंपाक वेळेवर होत नाही. बाह्य पेटीविषयी जे जे वाद आजवर झाले, त्यांतील पुष्कळसे या एका प्रश्नाशी येऊन थांबतात: कार्डाने करावयाचे काम कार्डापाशीच राहून होणारे आहे, की त्यासाठी संगणकाकडे क्षणाक्षणाला खेपा घालाव्या लागणार आहेत?

आयबीएमचा मार्ग हा एकमेव मार्ग नव्हता. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीच्या टीआय-९९/४ए या घरगुती संगणकाची उपकरणे आरंभी एकाच्या उजव्या अंगाला दुसरे अशी चिकटवीत जावे लागे, आणि ती रांग टेबलभर लांबत जाई. पुढे त्या कंपनीनेही आठ स्लॉटांची, जड पत्र्याची एक पेटी काढली, जिची केबल इतकी जाड होती की वापरणारे तिला आग विझविण्याच्या नळीच्या नावाने ओळखत. ॲपल कंपनीत तर या प्रश्नावर आरंभापासून दोन मते होती. १९७७ च्या ॲपल-२ संगणकात आठ स्लॉट असावेत असा स्टीव्ह वॉझनियाक यांचा आग्रह होता आणि दोन पुरेत असे स्टीव्ह जॉब्ज यांचे म्हणणे होते. त्या वेळी वॉझनियाक यांचा आग्रह टिकला आणि ते यंत्र दीर्घायुषी झाले, परंतु १९८४ च्या मॅकिन्टॉशमध्ये जॉब्ज यांचे मत प्रभावी ठरून एकही स्लॉट राहिला नाही. तीनच वर्षांनी, १९८७ मध्ये, त्याच कंपनीला मॅकिन्टॉश-२ मध्ये सहा स्लॉट पुन्हा द्यावे लागले, यावरून बंद यंत्राची अडचण किती लवकर जाणवली असेल याची कल्पना यावी.

पुढे लॅपटॉपचा प्रसार झाला आणि स्लॉटांचा प्रश्न नव्याने उपस्थित झाला. हातात धरून नेण्याच्या, बॅटरीवर चालणाऱ्या, बोटभर जाडीच्या यंत्रात पूर्ण लांबीचे कार्ड बसविण्यास जागा नसते आणि त्या कार्डाला लागणारी वीजही नसते, हे कारण रास्त आहे व ते मला मान्य आहे. परंतु पातळपणाच्या नावाखाली स्मृती आणि डिस्कसुद्धा बोर्डावर डाखून टाकण्याची जी रीत पडली आहे, तीत ग्राहकाच्या सोयीपेक्षा त्याला नवे यंत्र घ्यावयास लावण्याचा हिशेब अधिक आहे असे मला वाटते, आणि ते स्पष्टपणे सांगितले पाहिजे. १९९२ च्या पॉवरबुक ड्युओ या ॲपलच्या लॅपटॉपासाठी ड्युओ डॉक नावाचे एक घर केलेले होते. लॅपटॉप मिटून त्यात सरकविला की डॉकमधील दोन स्लॉट त्याच्या सेवेस हजर होत. प्रवासात हलके आणि घरी समर्थ, ही त्यामागची कल्पना उत्तम होती; मात्र ते डॉक त्या मालिकेच्या लॅपटॉपाशिवाय अन्य कोणास उपयोगी नव्हते.

बाह्य पेटीचा खरा उत्कर्ष होण्यास कार्ड आणि संगणक यांच्यातील दळणवळणाची पद्धतच बदलावी लागली. १९९२ मध्ये इंटेलने पुढे आणलेल्या पीसीआय पद्धतीत बत्तीस तारांवरून बत्तीस बिट एकाच वेळी धाडीत, सेकंदाला तीन कोटी तीस लाख वेळा. म्हणजे प्रत्येक खेपेला सुमारे ३० नॅनोसेकंदांची मुदत, आणि त्या मुदतीत सर्व तारांवरील संकेत बरोबरीने पोहोचून स्थिर झाले पाहिजेत. मदरबोर्डाच्या वीतभर अंतरात हे साधते. केबलीतून बाहेर नेताना एखादी तार केसभर मागे राहिली तरी मजकूर बिघडतो. तरीही मॅग्मा या सॅन दिएगोच्या कंपनीने पीसीआय कार्डांसाठी बाह्य पेट्या यशस्वीपणे केल्या, आणि ध्वनिमुद्रण व प्रयोगशाळांतील मापनकार्ये यांच्यासाठी त्या विकल्या गेल्या. परंतु त्या खर्चिक होत्या आणि सामान्य माणसाच्या आवाक्यात आल्या नाहीत.

२००३ च्या सुमारास पीसीआय एक्सप्रेस ही पद्धत आली आणि तिने हा सांघिक कवायतीचा आग्रहच सोडून दिला. तीत चार तारांची एक मार्गिका असते, दोन तारा जाण्यासाठी व दोन येण्यासाठी. तीवरून बिट एकामागून एक परंतु अत्यंत वेगाने धावतात, आणि अधिक रुंदी हवी असेल तर अशा चार, आठ किंवा सोळा मार्गिका एकत्र देतात. प्रत्येक मार्गिका आपला मजकूर स्वतंत्रपणे नेते आणि थोडे मागेपुढे झालेले तुकडे पलीकडच्या टोकाला जुळवून घेतले जातात. पहिल्या आवृत्तीत एका मार्गिकेवरून एका दिशेने सेकंदाला २५० मेगाबाइट जात. तिसऱ्या आवृत्तीत सुमारे ९८५ मेगाबाइट जाऊ लागले, म्हणजे सोळा मार्गिकांच्या पूर्ण स्लॉटमधून १५.७५ गिगाबाइट. संगणक सुरू होताच प्रोसेसर या पद्धतीत झाडासारख्या पसरलेल्या सर्व शाखांची खानेसुमारी करतो, कोणत्या फांदीवर कोणते उपकरण आहे याची नोंद घेतो, आणि प्रत्येकास स्मृतीच्या पत्त्यांतील एकेक हद्द नेमून देतो. शाखा बोर्डावर संपते की बोर्डाबाहेर जाते, याच्याशी या नोंदणीला कर्तव्य नाही. आणि म्हणूनच ही शाखा केबलीने बाहेर नेण्याचे अधिकृत नियम २००७ मध्ये तयार होऊ शकले.

ती केबल सर्वसामान्यांच्या हाती आली ती थंडरबोल्टच्या रूपाने. इंटेल व ॲपल यांच्या सहकार्यातून निघालेली ही जोडणी फेब्रुवारी २०११ मध्ये प्रथम मॅकबुक प्रोमध्ये दिसली. २०१५ च्या तिसऱ्या आवृत्तीने युएसबी-सी हे आज फोनला आणि लॅपटॉपाला सर्रास असणारे चपटे तोंड स्वीकारले आणि सेकंदाला ४० गिगाबिट ही क्षमता गाठली. पीसीआय एक्सप्रेसचे संदेश पडद्याच्या चित्रासह एकाच तारेतून, आपापल्या वेष्टनात बांधून, रवाना करणे हे तिचे कार्य आहे. आज बाजारात मिळणारी पेटी उघडून पाहिली तर आत फार काही नसते: ते वेष्टन सोडविणारी एक चिप, एक पूर्ण लांबीचा स्लॉट, एक पॉवर सप्लाय आणि एक पंखा. स्लॉट दिसावयास सोळा मार्गिकांचा असला तरी थंडरबोल्ट ३ च्या पेटीत त्याला फक्त चार मार्गिका प्राप्त झालेल्या असतात, ही गोष्ट खरेदीदाराने प्रथम ध्यानात घ्यावी.

आता या वाटेच्या रुंदीचा हिशेब मांडू, कारण बाह्य पेटी घ्यावी की न घ्यावी याचा निर्णय याच हिशेबावर अवलंबून आहे. थंडरबोल्ट ३ च्या ४० गिगाबिटांपैकी कार्डाच्या मजकुराला प्रत्यक्षात सुमारे २२ गिगाबिट, म्हणजे सेकंदाला पावणेतीन गिगाबाइट मिळतात. प्रथम ध्वनिमुद्रणाचे कार्ड घ्या. सेकंदाला ४८ हजार नमुने आणि प्रत्येक नमुना तीन बाइटांचा, या दराने एका आवाजाच्या वाहिनीला सेकंदास १४४ किलोबाइट लागतात. अशा चौसष्ट वाहिन्या एकाच वेळी मुद्रित केल्या तरी बेरीज सव्वानऊ मेगाबाइटांच्या आतच राहते, म्हणजे उपलब्ध रुंदीचा सुमारे तीनशेवा हिस्सा. मुंबईतील चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणालयांत वर्षानुवर्षे चालत आलेल्या प्रो टूल्स प्रणालीची कार्डे अशा पेटीत बसवून लॅपटॉपावर अथवा स्लॉट नसलेल्या छोट्या मॅकवर निर्वेधपणे चालविता येतात, त्याचे कारण हे आहे. दहा गिगाबिटांचे नेटवर्क कार्ड घेतले तर त्याला सव्वा गिगाबाइट पुरतात, तेही सुखाने सामावते. दूरचित्रवाणीच्या उच्च प्रतीच्या चित्राचा एक प्रवाह तीन गिगाबिटांचा असतो. तो घेणारे कार्डही या वाटेने बिनतक्रार चालते. या तिन्ही कामांत मजकूर संथपणे आणि एका लयीत वाहतो, आणि अशा कामांसाठी बाह्य पेटी ही तडजोड नसून पूर्ण समाधान आहे, असे माझे मत आहे.

ग्राफिक्स कार्डाचा मामला निराळा आहे, आणि या पेट्यांची जी प्रसिद्धी झाली ती मुख्यतः याच कार्डामुळे झाली असल्याने त्याचा विचार थोडा विस्ताराने केला पाहिजे. एनव्हिडियाचे २०२१ मधील आरटीएक्स ३०६० हे कार्ड उदाहरणादाखल घेऊ. त्याच्या अंगावर १२ गिगाबाइट स्मृती आहे, आणि ते कार्ड आपल्या या स्मृतीशी सेकंदाला ३६० गिगाबाइट इतक्या वेगाने व्यवहार करते. बाहेरची वाट त्याच्या एकशेतिसाव्या हिश्शाइतकीच आहे. आता या कार्डाकडून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या भाषाप्रणालीसारखे काम करून घ्यावयाचे असेल, तर त्या प्रणालीचे सारे अंक प्रथम कार्डाच्या स्मृतीत भरावे लागतात. बारा गिगाबाइट भरण्यास या अरुंद वाटेने साडेचार सेकंदांच्या आसपास वेळ लागेल, तर तिसऱ्या आवृत्तीच्या पूर्ण सोळा मार्गिकांच्या स्लॉटमध्ये पाऊण सेकंद. पण एकदा ते आत गेले की पुढचे तासन्‌तास चालणारे गणित कार्डाच्या अंगणातच होते, आणि बाहेर फक्त प्रश्नाचे व उत्तराचे मोजके शब्द ये-जा करतात. म्हणजे आरंभीचे चार सेकंद सोडले तर पेटीचा तोटा जवळजवळ नाहीच. त्रिमितीय चित्रांची अंतिम आकृती रात्रभर काढीत बसणाऱ्या कलाकारालाही हाच अनुभव येतो.

खेळांचे तसे नाही. खेळात प्रत्येक चित्रचौकटीसाठी प्रोसेसरने कार्डाला नव्याने आज्ञा धाडावयाच्या असतात, आणि चौकटी सेकंदाला शंभर-दीडशे होऊ लागल्या की या आज्ञांची वर्दळ वाढून केबलीची दिरंगाई चौकटीगणिक जाणवू लागते. म्हणूनच वरकरणी विपरीत वाटणारा एक प्रकार घडतो: चित्र जितके मोठे व तपशीलवार, तितका पेटीचा तोटा प्रमाणाने कमी दिसतो, कारण तेव्हा कार्ड एकेका चौकटीवर अधिक वेळ स्वतःपाशीच राबत असते; आणि चित्र लहान ठेवून चौकटींची संख्या वाढवू गेले की तोटा उघडा पडतो. त्यातही तयार झालेले चित्र जर लॅपटॉपाच्याच पडद्यावर पाहावयाचे असेल, तर ते त्याच केबलीतून परत यावे लागते. १९२० गुणिले १०८० बिंदूंचे चित्र, बिंदूला चार बाइट, सेकंदाला साठ वेळा, असा गुणाकार केला तर सेकंदाला सुमारे अर्धा गिगाबाइट होतो. यासाठी पेटी वापरणाऱ्याने स्वतंत्र मॉनिटर घेऊन तो सरळ कार्डाच्याच पाठीला जोडावा. या एका उपायाने जितका लाभ होतो तितका अधिक महागडे कार्ड घेऊनही पुष्कळदा होत नाही.

विजेचा हिशेब सोपा आहे, पण दुकानात तो कोणी करून दाखवीत नाही. स्लॉटमधून कार्डाला ७५ वॅटपर्यंत वीज मिळते. त्याहून अधिक लागल्यास पॉवर सप्लायपासून स्वतंत्र तारा येतात, सहा पिनांच्या जोडणीतून आणखी ७५ वॅट आणि आठ पिनांच्या जोडणीतून १५० वॅट. वर सांगितलेले कार्ड १७० वॅट घेते, आणि पुष्कळशा पेट्या त्याच केबलीतून लॅपटॉपालाही १०० वॅटपर्यंत वीज पुरवितात. तेव्हा पेटीतील पंखा व चिप धरून तीनशे वॅटची गरज सहज होते, आणि थोडी जागा राखून साडेचारशे-पाचशे वॅटचा पॉवर सप्लाय असणे इष्ट ठरते.

केबलीसंबंधी मात्र अधिक सावधगिरी हवी. युएसबी-सीचे तोंड दिसले म्हणजे त्यामागे थंडरबोल्ट आहेच असे नाही. कित्येक लॅपटॉपांत ते तोंड केवळ चार्जिंगसाठी आणि फाइलींच्या देवघेवीसाठी असते. तोंडाजवळ विजेच्या बाणाची खूण छापलेली आहे का हे पाहावे, आणि त्यावरही विसंबून न राहता निर्मात्याने प्रसिद्ध केलेला तपशील वाचावा. २०१९ मध्ये आलेल्या युएसबी-४ च्या नियमांत कार्डाचा मजकूर वाहून नेण्याची सोय लॅपटॉपाच्या निर्मात्यावर ऐच्छिक ठेवलेली आहे, त्यामुळे त्या नावावरूनही खात्री होत नाही. थंडरबोल्ट ४ मध्ये मात्र ३२ गिगाबिटांची ही सोय सक्तीची आहे. थंडरबोल्ट ३ ची पूर्ण क्षमता साध्या केबलीत अर्ध्या मीटरच्या आसपासच्या लांबीपर्यंतच मिळते. दोन मीटर लांबी हवी असल्यास टोकांना चिप असलेली महाग केबल घ्यावी लागते. पेटीबरोबर आलेली आखूड केबल पाहून निर्मात्याने कंजुषी केली असा समज करून घेऊ नये.

या बाह्य पेटीपासून एक धोकाही संभवतो, आणि तो तिच्या सामर्थ्यातूनच उत्पन्न होतो. पीसीआय एक्सप्रेसच्या कार्डाला प्रोसेसरला न विचारता संगणकाच्या स्मृतीत थेट वाचण्यालिहिण्याचा अधिकार असतो. त्यावाचून ते इतके वेगवान होऊच शकले नसते. कार्ड पत्र्याच्या कपाटात बंद असे तोवर हा अधिकार निर्धास्तपणे देता येत होता, परंतु ते केबलीच्या टोकाला आल्यावर कोणीही परका मनुष्य आपले उपकरण त्या तोंडात खुपसून हाच अधिकार बळकावू शकतो. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी आपल्या सहकाऱ्यांसह २०१९ मध्ये, आणि नेदरलँड्समधील आइंडहोव्हन येथील तंत्रविद्यापीठातून २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने, हे प्रत्यक्ष करून दाखविले. प्रत्येक उपकरणाला स्मृतीतील ठरावीक हद्दीपुरताच परवाना देणारी यंत्रणा आता प्रोसेसरमध्ये असते आणि २०१८ पासून विंडोज तिचा उपयोग करते. नवी पेटी प्रथम जोडताच संगणक मंजुरी मागतो ती याच कारणाने, आणि अनोळखी उपकरणाला ती मंजुरी कधीही देऊ नये.

काही कंपन्यांनी केवळ ठरावीक लॅपटॉपांनाच लागणाऱ्या खास केबली व पेट्या काढल्या. एएमडीने २००८ मध्ये एक पद्धत आणली, पुढे एलियनवेअर व असूस यांनी आपापल्या पेट्या आणल्या. त्यांतील काहींचा वेग त्या त्या काळच्या थंडरबोल्टहून सरस होता. तरीही मी त्या घेण्याचा सल्ला कोणास देणार नाही, कारण लॅपटॉप निकामी झाला की पेटीही निरुपयोगी होते. ऑक्युलिंक नावाची उघडी केबल याहून बरी: ती कोणतेही वेष्टन न घालता पीसीआय एक्सप्रेसच्या चार मार्गिका सरळ बाहेर आणते, त्यामुळे तिची वाट अधिक रुंद व तत्पर असते, मात्र ती लॅपटॉपाला वीज देत नाही, आणि बहुधा यंत्र चालू असताना ती काढता किंवा जोडता येत नाही. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या थंडरबोल्ट ५ ने ८० गिगाबिटांची क्षमता आणून हे अंतर पुष्कळ कमी केले आहे.

वाट, वीज आणि केबल या तिन्हींची सिद्धता असूनही एक चौथी गोष्ट, म्हणजे कार्डाशी व्यवहार करणारी ड्रायव्हर ही आज्ञावली, आडवी येऊ शकते, आणि तिच्याविषयी मला मनःपूर्वक खेद वाटतो. ॲपलने २०१३ मध्ये आपल्या सर्वांत बलवान संगणकाला, मॅक प्रोला, एकही अंतर्गत स्लॉट ठेवला नाही. सहा थंडरबोल्ट तोंडे देऊन विस्ताराचे सारे काम बाहेरच्या पेट्यांवर सोपविले. २०१७ मध्ये त्या यंत्राची घडण उष्णतेच्या दृष्टीने कोंडीत सापडल्याचे कंपनीच्या अधिकाऱ्यांनी पत्रकारांपुढे मान्य केले, मार्च २०१८ मध्ये मॅकवर एएमडीची ठरावीक ग्राफिक्स कार्डे बाह्य पेटीतून चालविण्यास अधिकृत मान्यता मिळाली, आणि २०१९ च्या मॅक प्रोमध्ये आठ स्लॉट परत आले. परंतु नोव्हेंबर २०२० पासून कंपनीने स्वतःच्या प्रोसेसरांचे जे मॅक काढले, त्यांवर ती बाह्य ग्राफिक्स कार्डांची मान्यता राहिली नाही. ध्वनीचे, नेटवर्कचे किंवा चित्रमुद्रणाचे कार्ड त्याच पेटीतून, त्याच केबलीने त्या मॅकवर चालते, कारण त्याचा ड्रायव्हर उपलब्ध आहे. त्याआधी दोन वर्षे ज्याने अधिकृत मान्यतेवर विश्वासून पेटी आणि ग्राफिक्स कार्ड घेतले, त्याला नव्या मॅकपुढे त्यांचा उपयोग उरला नाही. यंत्राच्या मालकाला एकदा दिलेली मुभा अशी काढून घेतली जाऊ नये, निदान तिची मुदत आधी जाहीर व्हावी, असे मला वाटते.

विंडोज वापरणाऱ्यांना असा अडसर क्वचितच येतो; आला तर बहुधा कोड १२ या सूचनेच्या रूपाने, ज्याचा अर्थ असा की कार्डाने मागितलेली पत्त्यांची हद्द नेमून देण्याइतकी जागा संगणकाने राखून ठेवलेली नाही. बायोस या संगणक सुरू करणाऱ्या मूळ आज्ञावलीतील फेरफाराने अथवा पेटी अगोदर चालू करून मग संगणक सुरू केल्याने हे पुष्कळदा सुटते.

मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यावर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत जाऊन जो नव्यानेच संगणक घेणार आहे आणि ज्याला तो घरातून हलवावयाचा नाही, त्याने पेटीच्या नादी लागू नये. पेटी, केबल आणि लॅपटॉप यांच्या एकत्रित किमतीत सोळा मार्गिकांचा पूर्ण स्लॉट असलेला उत्तम डेस्कटॉप उभा राहतो. पण ज्याच्यापाशी चांगला लॅपटॉप आधीच आहे, ज्याला दिवसा तो कार्यालयात न्यावा लागतो आणि रात्री त्याच्याकडून चित्रपटाच्या संकलनाचे, ध्वनिमुद्रणाचे किंवा गणनाचे जड काम करून घ्यावयाचे आहे, त्याने ही पेटी अवश्य घ्यावी, आणि ती स्वतंत्र, कोणत्याही कंपनीच्या लॅपटॉपाला चालणारी घ्यावी. पीसीआय एक्सप्रेसच्या नव्या आवृत्तीचा स्लॉट जुन्या आवृत्तीचे कार्ड स्वीकारतो आणि जुना स्लॉट नव्या कार्डाला आपल्या गतीने चालवितो, हा नियम २००३ पासून पाळला गेला आहे. त्यामुळे आज घेतलेल्या पेटीत चार वर्षांनी निघालेले कार्डही बसेल, आणि लॅपटॉप बदलला तरी ड्रायव्हर असेपर्यंत ती पेटी नव्या लॅपटॉपाला जोडता येईल.